टाक्याच्या काठावरचा तांब्या

अन्याय एका बाईवर झाला. ती सह्याद्रीतल्या एका गडाच्या माचीवर, म्हणजे माथ्याखालच्या सपाटीवर, दोन म्हशी आणि चार शेळ्या घेऊन राहते. वेळ: गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार, दुपारी पावणेबारा ते संध्याकाळी साडेपाच. करणारे: सोलापूरहून गेलेले आम्ही सात जण. त्यातली एक मी.

पत्रक असंच लिहायचं, हे मला शिकवलेलं आहे. कोणावर झाला, कधी झाला, कोणी केला, आणि शेवटी मागणी. मधे रडगाणं नको. आमचा गट मोर्चे काढतो, सुट्टीत गडही चढतो; त्याची पत्रकं मीच लिहिते. बहुतेक पत्रकं पाण्यावर असतात. शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत पाणी काही दिवसांआड येतं, आणि मधले दिवस कधी चार, कधी पाच, कधी नुसतंच 'उद्या'. आजवरच्या प्रत्येक पत्रकात 'कोणी केला' या ओळीत दुसरं कुणीतरी असायचं. खुर्चीत बसलेलं, आमचा अर्ज न वाचणारं. या वेळी तिथं आम्ही आहोत.

गडाचं नाव लिहीत नाही. कारण शेवटी आहे.

आधी आमच्या घरातली एक पद्धत सांगते, कारण चूक तिथून निघाली.

ज्या दिवशी नळ येणार त्या दिवसाला आम्ही पाण्याचा दिवस म्हणतो. त्या दिवशी पहाटे आई पिंपात उरलेलं सगळं पाणी काढून टाकते. थोडं झाडांना, थोडं अंगणात, बाकी गटारीत. ते शिळं. मग ती पिंपात अर्धी वाकून काथ्यानं तळ घासते, पिंप पालथं घालते, तांब्या राखेनं घासून वर पालथा ठेवते आणि नळाकडं बघत बसते. गल्लीत सगळीकडं हेच चालू असतं. कोपऱ्यावरच्या घरातून कुणीतरी कानडीत "नीरु बंतु", पाणी आलं, म्हणतं, आणि त्यानंतर तासभर कुणी कुणाशी बोलत नाही, सगळे भरतात.

लहानपणी मी विचारायचे, "आई, सगळं ओतलंस आणि नळ आलाच नाही तर?"

"येतो की. न येऊन जातो कुठं?"

एकदा आला नव्हता. दोन दिवस आम्ही शेजारून आणून प्यायलो. तरी पुढच्या वेळी आईनं पिंप ओतलंच. शिळ्यावर ताजं भरायचं नाही, म्हणजे नाही. पेठेतल्या सगळ्या बायकांचं हेच मत आहे आणि त्यांच्या हाताखाली वाढलेल्या आम्हा सगळ्यांचंही. रिकामं पिंप आम्हाला भीतिदायक दिसत नाही. स्वच्छ दिसतं.

तर डिसेंबरात आम्ही निघालो. सात जण, पण सांगायला तिघं पुरेत. एक मी. दुसरे मास्तर, बार्शीच्या शाळेत इतिहास शिकवतात, आमच्या गडमोहिमा तेच आखतात. तिसरा मागवाला. त्याच्या घरी यंत्रमाग आहेत, घरात तेलुगू बोलतात आणि बाहेर तो अस्सल सोलापुरी बोलतो. जीप त्याची. बेत तीन दिवसांचा होता: वाटेत जुनं देऊळ, मग घाटातली लेणी, मग गड. रात्री तंबूत. आणि गडावर काम: पाण्याचं टाकं साफ करायचं. त्यासाठी मागवाल्यानं काकाच्या बांधकामावरचा पेट्रोलचा लहान पंप आणला होता. तंबू, फावडी, घमेली आणि तो पंप टपावर बांधला आणि शुक्रवारी पहाटे आम्ही सुटलो.

जीपमध्ये आईनं दिलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती. टेंभुर्णीच्या पुढं मागवाल्यानं एका हातानं स्टिअरिंग धरून भाकरी चावली.

"काय बे, भाकरी आणलीस का फरशी?"

"तुला दात नाहीत ते सांग."

"मास्तर, ही भाकरी पण जपून ठेवा ओ. पुढच्या पिढीला उत्खननात सापडंल."

मास्तर हसले आणि स्वतःचा तुकडा चटणीत बुडवून बसले. ते भाकरी मऊ होईपर्यंत थांबतात. शेंगाचटणीत ती मऊ होत नाही, हे त्यांना बार्शीचे असून कळत नाही.

उजनी धरणाच्या फुगवट्यापाशी उतरलो. पाण्यात अर्धं बुडालेलं एक दगडी देऊळ होतं, कळसावर पक्षी. मास्तरांनी माहिती सांगितली. मी पाण्याकडं बघत होते. आमच्या नळाला जे येतं ते इथलंच. क्षितिजापर्यंत पाणी.

"हितंच पिंप भरून न्यावं की," मागवाला म्हणाला. "पाच दिवस बसायला नको."

आम्ही पाणीवाले लोक, म्हणून सगळे हसले. त्यावर मी जीपमध्ये एक घोषणाही तयार केली. आता आठवत नाही.

दुपारी घाटातली लेणी पाहिली. दाराशीच कातळात खोदलेलं पाण्याचं कुंड होतं. मास्तर म्हणाले, "हे लक्षात घ्या. माणूस डोंगरावर राहायला आला की आधी पाणी बघतो. खोली नंतर." आम्ही माना डोलावल्या. एकीनं ते वहीत उतरून घेतलं.

संध्याकाळी गडाच्या पायथ्याच्या गावात पोचलो आणि शाळेच्या पटांगणात तंबू ठोकले. रस्त्याच्या कडेला पत्र्याची एक पाटी होती. पांढऱ्या रंगावर निळ्या अक्षरांत: गडावर जेवणाची व ताकाची सोय होईल. खाली फोन नंबर. मास्तरांनी फोन लावला आणि शनिवारच्या संध्याकाळी सात जणांचं पिठलं-भाकरी सांगितलं. फोन ठेवून म्हणाले, "बाई चांगली आहे. म्हणाली, पाण्याचं ओझं आणू नका, वर टाकं आहे, पाणी गोड आहे."

हे आम्ही सातही जणांनी ऐकलं. मी शेकोटीत काटकी घालत होते. मीही ऐकलं.

शनिवारी चढलो. पंप आळीपाळीनं खांद्यावर. दोन तासांनी माची लागली. कारवीच्या कुडाचं, पत्र्याच्या छपराचं एकच घर होतं, दाराला बाहेरून कडी. अंगण सारवलेलं. म्हशी सावलीत बसलेल्या. घरापासून हाकेच्या अंतरावर टाकं. कातळात कोरलेलं, दहा हात लांब, सहा हात रुंद, चार पायऱ्या उतरत गेलेल्या. पाणी गळ्याइतकं असेल. वर हिरवा तवंग, पानं, एक प्लास्टिकची बाटली.

"बापरे," मास्तर म्हणाले. "कुणी लक्षच देत नाही."

पिण्याचं टाकं दुसरीकडं असेल असं आम्ही धरून चाललो. कुणी विचारलं नाही. विचारायला कुणी नव्हतंही, कडी होती. थांबलो असतो तर कुणीतरी आलं असतं. आम्ही थांबलो नाही, कारण दिवस मावळायच्या आत गाळ काढून व्हायला हवा होता.

वरच्या पायरीच्या काठावर एक स्टीलचा तांब्या पालथा घातलेला होता. घासलेला. उन्हात चमकत होता. बाजूला दोर, वेटोळं करून ठेवलेला.

पंपाचा पाइप ठेवायला मला तिथंच जागा हवी होती. मी तांब्या उचलला आणि करवंदीच्या जाळीखाली ठेवला. नीट ठेवला, पालथाच. पालथा तांब्या म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आमच्या पिंपावर तो तसाच असतो. त्याचा अर्थ, हे पाणी प्यायचं आहे, हात घालू नका. मला तो अर्थ तिथं दिसला का? दिसला असावा. मी तो शब्दांत आणला नाही. 'इथं कुणी पाणी पितं का?' एवढं वाक्य मोठ्यानं बोलले असते तर सहा जण थांबले असते. मी पाइप ठेवला.

पावणेबाराला पंप सुरू झाला. पाणी उताराच्या कड्यावरून खाली गेलं. सुरुवातीला हिरवं, मग स्वच्छ. बराच वेळ स्वच्छ पाणी जात होतं. खाली कातळावर पडताना त्यात इंद्रधनुष्य दिसलं, त्याचा कुणीतरी व्हिडिओ केला. मग गाळ. मागवाला आणि मी आत उतरलो. गुडघ्यापर्यंत चिखल, बर्फासारखा. पाय बधिर झाले, मग हात. घमेली वर जात होती, रिकामी होऊन खाली येत होती. शेवटी आम्ही उरलेल्या पाण्यानं तळ घासला. छिन्नीचे जुने घाव दिसायला लागले. मास्तरांनी त्यावरून हात फिरवला. मला तेव्हा खरंच छान वाटलं. पिंपाचा तळ दिसल्यावर आईला वाटत असेल तसं.

साडेपाचला आम्ही सातही जण कोरड्या टाक्यात उभे राहून फोटो काढत होतो तेव्हा ती आली. पन्नाशीची, डोक्यावर पिठाचं गाठोडं, हातात कांदे-मिरच्यांची पिशवी. आमच्या जेवणाचं सामान आणायला ती सकाळीच दुसऱ्या वाटेनं खाली गेली होती.

तिनं काठावरून खाली बघितलं. आधी आमच्याकडं, मग तळाकडं, मग कोपऱ्यांत.

"पानी कुटं हाय?"

मास्तर खालून म्हणाले, "मावशी, आता बघा. तळ दिसतोय. किती वर्षांचा गाळ होता."

"गाळ बघितला म्या. पानी कुटं हाय?"

"ते खराब होतं मावशी. हिरवं होतं."

"वरनं हुतं हिरवं. दोरानं तांब्या खाली सोडायचा, खालचं न्हितळ येतं." मग थांबून: "तांब्या कुटाय?"

मी जाळीकडं बोट दाखवलं. तिनं गाठोडं उतरवलं, जाऊन तांब्या घेतला आणि पदराला पुसला.

मागवाला अजून हसऱ्या चेहऱ्यानं उभा होता. "येईल की मावशी नवीन," तो म्हणाला.

"कवा?"

त्यानं तोंड उघडलं आणि माझ्याकडं बघितलं. त्याच्या तोंडावर जे होतं ते मला लगेच वाचता आलं. परवा. तेरवा. पाण्याच्या दिवशी. घासलेल्या टाकीत पाणी येतंच, असं आमच्या हाडात होतं. त्या कातळात कुठंतरी एक नळ आहे, असं धरून आम्ही दिवसभर राबलो होतो.

"मिरगाला," तिनंच सांगितलं. म्हणजे जूनमध्ये, पाऊस लागल्यावर. "सहा म्हैनं."

मग मास्तर म्हणाले, "दुसरं टाकं असेल ना गडावर?"

"हाय की. बुरजाखाली. निम्मं भरतंय. शिमग्यापतूर पुरंल, म्हशी असल्या तर तितकं बी न्हाय."

"आणि मग?"

"मग काय. खाली झरा हाय. जायला तास, वर यायला दोन." ती आम्हाला समजावल्यासारखी बोलत होती. "मान्साला आनता येतं. म्हशीला कसं आनायचं? म्हस न्हाई तर ताक न्हाई, अन् ताकाबिगर कोन येतंय माज्या दारात?"

ती ओरडली असती तर मला काय करायचं ते माहीत होतं. मी मोर्चातली आहे. ओरडणाऱ्या माणसाशेजारी कसं उभं राहायचं ते मला येतं. ती ओरडली नाही. ती वाकून गाठोडं उचलायला लागली, मागवाल्यानं उडी मारून वर येऊन ते घेतलं.

"मावशी, जेवण राहू द्या," मी म्हणाले.

"सांगितलंय तर करते. पीठ आनलंय."

घरात दोन हंडे भरलेले होते. त्यातल्या पाण्यात तिनं पिठलं केलं, भाकरीचं पीठ मळलं. आम्ही अंगणात ओळीनं बसून जेवलो. तिनं प्रत्येकाला विचारून वाढलं. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. भूक होती, जेवले. हात धुवायला तिनं तांब्या पुढं केला तेव्हा मी हात मागं घेतला आणि पँटला पुसला. तेवढंच.

रविवारी सकाळी मागवाला म्हणाला, आपण झऱ्यावरून पाणी आणू. आम्ही खाली गेलो. पाच-पाच लिटरचे कॅन, पाण्याच्या बाटल्या, जे होतं ते भरलं आणि दोन तास चढून टाक्यात ओतलं. सात जणांचं पाणी. तळाच्या एका कोपऱ्यात ते जाऊन बसलं, चटईएवढं. आम्ही काठावर उभं राहून बघत होतो, आणि ती म्हशीचं शेण भरता भरता म्हणाली, "त्यापरास माज्या हंड्यात वतायचं की रं."

बरोबर होतं. आम्हाला तेही सुचलं नव्हतं. आम्हाला टाकं भरायचं होतं.

दुपारी उतरलो. जीपमध्ये कुणी भाकरीवर बोललं नाही. इंदापूरच्या पुढं मास्तर म्हणाले, "मे महिन्यात पुन्हा येऊ. तिला एखादी प्लास्टिकची टाकी देऊ." सगळे हो म्हणाले. मग गटाच्या पानावर फोटो टाकायची वेळ झाली. ते काम माझं. फोटोखालचा मजकूर कायम मीच लिहिते. मी फोन काढला आणि लिहिलं: 'सोलापूरच्या तरुणाईचं श्रमदान. शतकांचा गाळ उपसला. गडावरच्या टाक्यानं घेतला मोकळा श्वास.' खाली गडाचं नाव, सात जणांची नावं. अंगठा आपोआप चालला. असं वाक्य मी झोपेतही लिहू शकते. लिहून झाल्यावर मी खिडकीतून ऊस बघत बसले.

फोटो खूप लोकांनी पुढं पाठवला. एका वर्तमानपत्रात आला. आईनं ते पान कापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं. "एवढ्या थंडीत पाण्यात उतरलीस," ती म्हणाली. दोन दिवसांनी पाण्याचा दिवस होता. पहाटे तिनं पिंप ओतलं. मी दारात उभी राहून पाणी गटारीतून कोपऱ्यापर्यंत जाताना बघितलं. आत जाऊन ते कात्रण काढावं असं मनात आलं. काढलं नाही. चहा प्यायले.

नंतर महिनाभर मी काही लिहिलं नाही. गटाच्या बैठकीला जात होते, बोलत होते. पाणीपुरवठ्यावर एक निवेदन द्यायचं होतं, त्याचा मसुदा समोर घेऊन बसायचे आणि तो पुढं सरकायचा नाही. कोणावर झाला. कधी झाला. कोणी केला. तिसऱ्या ओळीला पेन थांबायचं. थकवा आहे, म्हटलं.

गेल्या आठवड्यात मी पाटीवरच्या नंबरावर फोन केला. मास्तरांच्या फोनमधून घेतला होता. मी म्हणाले, मी सोलापूरची, तांब्या उचलणारी.

"वळखलं," ती म्हणाली. "कशी हायस?"

मी म्हशींचं विचारलं. एक बहिणीकडं खाली ठेवली होती. दुसरी वर होती. बुरजाखालचं पाणी ती आता मोजून काढते, म्हणाली. मग म्हणाली, "बरं झालं फोन केलास. तुमच्या मान्सांचा परवा फोन आलता."

"आमच्या?"

"तुमच्यासारक्याच. पुन्याची पोरं हायती. तुमचा फोटू बघितला म्हनं. येनार हायती म्होरच्या म्हैन्यात, बुरजाखालचं टाकं साफ कराय. म्या नगं म्हनलं, तर म्हनली, मावशी, तुमी काळजी करू नका, आमी पंप घिऊन येतो."

मी गटाच्या बैठकीत हे सांगितलं. फोटो काढून टाकू आणि काय घडलं ते लिहू, असं म्हणाले. मास्तर म्हणाले, "हेतू आपला वाईट नव्हता. जाहीर लिहिलंस तर पुढच्या मोहिमेला कोण येईल?" ते वाईट माणूस नाहीत. टाक्याच्या तळावरून त्यांनी हात कसा फिरवला होता ते मी बघितलं आहे. मी म्हणाले, नाहीच आलं कुणी तर चालेल. मागवाला भिंतीला टेकून उभा होता. तो एवढंच म्हणाला, "लिही बे."

आमच्या पानावरचा फोटो मी काढला. पण तो आता आमच्याकडं नाही, तुमच्याकडं आहे. कोरड्या टाक्यात सात जण, चिखलानं माखलेले, हसणारे, डावीकडून तिसरी मी. तेव्हा गडाचं नाव लिहिलं आणि लोक निघाले. म्हणून आता लिहीत नाही.

मागणी:

तो फोटो तुमच्या फोनमध्ये असेल तर आत्ता काढा. ज्यांना पाठवला त्यांना हे पाठवा. तुम्ही पुढच्या महिन्यात पंप घेऊन निघणार असाल तर पंप उतरवून ठेवा. कुठल्याही गडावरचं टाकं मिरगाच्या आधी, तळाशी नुसता गाळ उरल्यावरच उपसायचं, आणि तेही वरच्या घरानं हो म्हटल्यावर. घराला कडी असेल तर अंगणात बसून राहा, ती येईपर्यंत. ती आली की विचारा, मावशी, तुम्ही पाणी कुठलं पिता? आणि ती 'नको' म्हणाली तर तो नकार ऐका, आणि खाली उतरा.